आलेला रिफंड

या सदराला टॅक्सविषयीची पत्रे एरवी जुलैत येतात. यंदा रिटर्न भरायची मुदत आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत लांबली, म्हणून पत्रेही उशिरा आली. त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न मात्र पोस्टाने आला नाही, तो माझ्याच घरात आला.

माझी भाची रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. २०१० साली नोकरीला लागली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांच्या पगारातून एनपीएसची कपात होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरात ठाऊक आहे. मार्च २०२३ च्या संपात तीही गेली होती. ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. "मामू, रिफंड आला. कापलेला सगळा टॅक्स परत मिळाला!" अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तो पैसा अगदी वेळेवर उपयोगी पडला. मलाही बरे वाटले.

पण सगळा टॅक्स परत कसा येईल, हा किडा डोक्यातून जाईना. आयुष्यभर बिले तपासली, ती खोड आता सुटायची नाही. रविवारी ती घरी आली तेव्हा फॉर्म सोळा, एनपीएसचे स्टेटमेंट आणि भरलेल्या रिटर्नची पीडीएफ घेऊन ये, असे सांगितले. पहिले दोन कागद तिच्याकडे होते. तिसरा नव्हता. रिटर्न टॅक्सवाल्याने भरले, मोबाइलवर आलेला ओटीपी तिने त्याला सांगितला आणि ४०० रुपये दिले, इतकाच तिचा रिटर्नशी संबंध. पीडीएफ त्याच्याकडून मागवावी लागली.

ती उघडल्यावर चूक सापडायला दहा मिनिटे लागली. पण ती समजून घ्यायची तर एनपीएसचे तीन कप्पे आधी नीट पाहायला हवेत. जुन्या करपद्धतीत रिटर्न भरणाऱ्या कितीतरी शिक्षकांचा, ग्रामसेवकांचा आणि लिपिकांचा गोंधळ इथेच होतो.

पहिला कप्पा आपल्या स्वतःच्या कपातीचा. मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के. भाचीचे हे दोन्ही मिळून वर्षाला ७,२०,००० होतात, म्हणजे तिची कपात ७२,०००. ही ८०सीसीडी(१)मध्ये जाते आणि विमा, पीपीएफ, मुलांची फी या सगळ्यांबरोबर दीड लाखाच्या एकाच मर्यादेत बसते. दुसरा कप्पा ८०सीसीडी(१बी)चा, दीड लाखाच्या बाहेरच्या ५०,००० रुपयांचा. अनेकांना वाटते की यासाठी वेगळे पैसे भरावेच लागतात. तसे नाही. आपल्याच कपातीतला जो भाग पहिल्या कप्प्यात दाखवला नाही, तो इथे दाखवता येतो. तोच रुपया दोन्हीकडे मात्र दाखवता येत नाही. भाचीची बाकीची बचत १,२८,००० होती. म्हणून ७२,००० पैकी २२,००० पहिल्या कप्प्यात आणि ५०,००० दुसऱ्यात. दोन्ही मर्यादा काठोकाठ भरल्या. इथपर्यंत टॅक्सवाल्याचे काम चोख होते, आणि हे मी तिला आधी सांगितले, कारण माणूस चुकला म्हणून त्याचे सगळेच चुकले असे होत नाही.

तिसऱ्या कप्प्यात तो घसरला. सरकार आपल्या वतीने १४ टक्के भरते. भाचीच्या बाबतीत १,००,८०० रुपये. ही रक्कम ८०सीसीडी(२)मध्ये वजा मिळते, आणि तिला दीड लाखाची मर्यादा लागू नाही. पण वजा करण्यापूर्वी ती पगारात मिळवावी लागते. सरकारने आपल्यासाठी भरलेला पैसा हा कायद्याने आपला पगारच आहे. एका हाताने मिळवायचा, दुसऱ्या हाताने वजा करायचा, हिशेब शून्य. त्यातून कर वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

शाळेकडून मिळालेल्या फॉर्म सोळामध्ये ही रक्कम पगारात धरलेली नव्हती, आणि वजाही केलेली नव्हती. दोन्हीकडे नाही, म्हणजे उत्तर बरोबरच होते. टॅक्सवाल्याने एनपीएसच्या स्टेटमेंटमधला सरकारी वाट्याचा रकाना पाहिला आणि १,००,८०० उचलून वजावटीत टाकले. पगाराचा आकडा मात्र फॉर्म सोळाचाच ठेवला, ७,९२,५००. म्हणजे जे कधी मिळवलेच नाही ते वजा केले.

परिणाम पाहा. खरा हिशेब असा: ७,९२,५०० मधून प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेले, उरले ७,४०,०००. त्यातून दीड लाख, पन्नास हजार आणि आरोग्य विम्याचे २०,००० गेले. करपात्र उत्पन्न ५,२०,०००. त्यावर कर १६,५००, उपकर धरून १७,१६०. शाळेने पगारातून नेमका इतकाच कर कापला होता. एका रुपयाचाही रिफंड निघत नव्हता. टॅक्सवाल्याच्या हिशेबात उत्पन्न ४,१९,२०० वर आले. जुन्या पद्धतीत पाच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणून १७,१६० पूर्णच्या पूर्ण परत.

भाची काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मामू, यात माझी चूक काय? मी तर सगळे कागद खरे दिले होते."

तिचे म्हणणे खरे होते. पण रिटर्नच्या शेवटी जे प्रतिज्ञापत्र असते ते तिच्या नावाचे. ओटीपी सांगितला की सही झाली. खात्याला टॅक्सवाला माहीत नाही, त्याचे नाव रिटर्नवर कुठेही नाही. उत्पन्न कमी दाखवले गेले तर कलम २७०ए खाली दंड करदात्यालाच होतो, बुडालेल्या कराच्या ५० टक्के. जाणूनबुजून खोटे दाखवले असे ठरले तर २०० टक्के. आपली चूक नसणे आणि आपली जबाबदारी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे तिला पटवायला मला तो रविवार पुरला नाही, बुधवारी पुन्हा बोलावे लागले.

मधल्या तीन दिवसांत तिने शाळेत विषय काढला होता. तालुक्यातल्या आठ शिक्षकांचे रिटर्न त्याच माणसाने भरले होते, आणि ज्यांनी ज्यांनी पाहिले त्यांच्यात हीच चूक. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "बाई, लाखो लोकांची रिटर्न असतात, तुमच्या सतरा हजारांसाठी कोण बसलंय?" टॅक्सवाला फोनवर म्हणाला, नोटीस आली तर बघू, आजवर कुणाला आली का?

आजवर आली नसेल. पण १४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एक निवेदन काढले. खोट्या वजावटी लावून रिफंड मिळवून देणाऱ्यांवर देशभर धाडी घातल्याचे त्यात होते. आणि आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे चुकीचे दावे मागे घेतले, असेही होते. त्याच निवेदनातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. काही टॅक्सवाले रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल उघडतात आणि नंतर सोडून देतात. खात्याच्या नोटिसा त्या बंद पेटीत पडून राहतात आणि ज्याच्या नावाने आल्या त्याला पत्ताच नसतो. भाचीचे पोर्टल उघडून पाहिले. मोबाइल तिचा होता, ईमेल टॅक्सवाल्याचा. पासवर्डही त्याच्याकडे. पहिले काम म्हणून ते दोन्ही बदलले. "नोटीस कुणालाच आली नाही" या वाक्याचा अर्थ त्या दिवशी नीट कळला.

आता दुरुस्तीचे. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे २०२५-२६ या कर निर्धारण वर्षाचे रिटर्न कलम १३९(५) खाली ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारता येते. त्याला फी नाही. रिफंड येऊन गेला असला तरी सुधारता येते. पोर्टलवर नवे रिटर्न भरतानाच 'सुधारित' हा पर्याय निवडायचा, मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख टाकायची, आणि चुकलेलेच नव्हे तर सगळे आकडे पुन्हा भरायचे. ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केले नाही तर ते भरलेच नाही असे धरतात. भाचीचा फॉर्म आम्ही दोघांनी मिळून भरला. मी १,००,८०० पगारात मिळवून पुन्हा वजा केले, म्हणजे पगार ८,९३,३०० आणि ८०सीसीडी(२) मध्ये १,००,८००. दोन्हीकडे न दाखवूनही उत्पन्न तेच ५,२०,००० येते, पण एनपीएसच्या स्टेटमेंटशी जुळणारा कागद पुढे कुणी विचारले तर बोलतो.

एक गोष्ट इथे अनेकांना फसवते. सुधारित रिटर्नमध्ये कर १७,१६० आणि कापलेला कर १७,१६०, म्हणून शेवटी देणे शून्य दिसते. भाची म्हणाली, "मग झालंच की!" झालेले नसते. आधी दिलेला रिफंड खात्याच्या नोंदीत असतो. सुधारित रिटर्न तपासून झाले की ती रक्कम मागणी म्हणून येते, आणि ती आल्यापासून ३० दिवसांत भरायची असते. त्यानंतर महिन्याला एक टक्का व्याज लागते. म्हणून पैसे तयार ठेवायचे आणि पोर्टलवर, ईमेलवर लक्ष ठेवायचे. अम्मीच्या ऑपरेशनला गेलेली रक्कम तिने दर महिन्याच्या पगारातून बाजूला काढायला सुरुवात केली आहे. अम्मीला यातले काही सांगितलेले नाही, आणि तेही बरोबरच आहे.

आधीच्या वर्षाचे प्रकरण जास्त महाग पडले. २०२३-२४ चे रिटर्नही त्याच माणसाने भरले होते आणि तिथेही तीच चूक. फरक १५,०८० रुपयांचा. त्या वर्षाची सुधारायची मुदत १५ जानेवारी २०२५ लाच संपली. आता वाट एकच, अद्ययावत रिटर्न, ज्याला सगळे आयटीआर-यू म्हणतात. त्यात बुडालेला कर, त्यावरचे व्याज आणि वर जादा कर भरावा लागतो. त्या वर्षासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत भरले तर जादा कर २५ टक्के, म्हणजे व्याज धरण्याआधीच ३,७७०. एप्रिल उजाडला की तोच ५० टक्के होतो. पुढे ६० आणि ७०. आधी पैसे भरायचे, चलनाचा क्रमांक रिटर्नमध्ये टाकायचा, मगच ते दाखल होते. आता ध्यानात येईल की यंदाची चूक ३१ डिसेंबरच्या आत सुधारणे इतके का महत्त्वाचे आहे. तीच चूक, तोच माणूस, फक्त तारीख उलटली की किंमत बदलते.

उलटी चूक झालेल्यांनी तर ही तारीख भिंतीवरच लिहून ठेवावी. नव्या करपद्धतीत ८०सीसीडी(१) आणि (१बी) मिळत नाहीत, पण मालकाच्या वाट्याची ८०सीसीडी(२) मिळते. खाजगी कंपनीत काम करणाऱ्या एका वाचकांनी पाठवलेल्या कागदांत कंपनीचा वाटा पगारात धरला होता आणि वजावटीचा रकाना टॅक्सवाल्याने रिकामा सोडला होता. त्यांनी जास्त कर भरला. असा पैसा परत मिळवायला आयटीआर-यू चालत नाही, कारण त्यात कर कमी करता येत नाही. ३१ डिसेंबर गेला की मग उशीर माफ करण्याचा अर्ज, त्याची कारणे, वाट पाहणे.

आता टॅक्सवाल्याशी कसे वागायचे. भाचीला भांडायचे होते. मी तिला आधी लिहायला लावले. व्हॉट्सअॅपवर, साध्या भाषेत:

"अस्सलामु अलैकुम. माझ्या २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये ८०सीसीडी(२)चे १,००,८०० वजा केले आहेत, पण ते पगारात मिळवलेले नाहीत. त्यामुळे १७,१६० चा रिफंड चुकीने आला. २०२३-२४ मध्येही हेच झाले आहे. दोन्ही वर्षांची हिशेबाची पाने आणि रिटर्नच्या फाइली मला शुक्रवारपर्यंत पाठवाव्यात. यंदाचे रिटर्न मी सुधारत आहे. मागच्या वर्षीचे काम तुम्ही विनामूल्य करून द्यावे आणि जादा कराबद्दल आपण बोलावे."

यात शिवी नाही, आरोप नाही, आणि तारीख आहे. मूळ कर मागितलेला नाही, कारण तो तिचाच होता, चूक झाली नसती तरी तिला भरावाच लागला असता. चुकीमुळे जे वाढले, व्याज आणि जादा कर, तेवढ्यापुरते त्याच्याशी बोलायचे. हा भेद आपण केला की समोरचा माणूसही जरा ऐकतो.

फोनवर "बघू" म्हणणारा तो माणूस लेखी निरोपानंतर दुसऱ्याच दिवशी घरी आला. पंचविशीतला पोरगा निघाला, बी.कॉम. झालेला, सीझनमध्ये दोन-अडीचशे रिटर्न भरणारा. लबाड नव्हता. सरकारचा वाटा पगारात मिळवायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हते, आणि रिफंड आला की गिऱ्हाईक खूश होते हे मात्र ठाऊक होते. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. मागच्या वर्षीचे काम तो फुकट करून देणार आहे आणि जादा करातला निम्मा वाटा देईन म्हणाला आहे. मी असतो तर पूर्ण मागितला असता. भाचीने निम्म्यावर मान्य केले, तो तिचा अधिकार.

सगळीकडे असे सरळ होईल असे नाही. माणूस चार्टर्ड अकाउंटंट असेल तर त्याच्या कामाची तक्रार आयसीएआयच्या शिस्तपालन विभागाकडे करता येते. नुसता 'टॅक्स कन्सल्टंट' अशी पाटी लावणारा असेल तर त्याच्यावर अशी संस्था नसते. त्याने पैसे घेऊन सेवा दिली आहे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, आणि लहान रकमेच्या सेवेसाठी तिथे फी लागत नाही. पण तक्रार चालू आहे म्हणून दुरुस्ती थांबवू नये. खाते त्या निकालाची वाट पाहत नाही. जो टॅक्सवाला आपली फी रिफंडच्या टक्क्यांत मागतो, त्याच्याकडे मात्र जाऊच नये. रिफंड जितका मोठा तितका त्याचा फायदा, आणि सही आपली.

हातात कागद असतील तर तपासणी घरीच होते. फॉर्म सोळाच्या दुसऱ्या भागात कलम १७(१)चा पगार पाहा. एनपीएसच्या स्टेटमेंटमध्ये तुमचा वाटा आणि मालकाचा वाटा वेगवेगळ्या रकान्यांत असतात, तिथे एप्रिल ते मार्चची बेरीज करा. मग रिटर्न उघडा. मालकाचा वाटा वजावटीत आहे आणि पगाराचा आकडा फॉर्म सोळाइतकाच आहे, आणि फॉर्म सोळात तो धरलेला नाही, असे दिसले तर तुमचेही प्रकरण भाचीसारखेच आहे. तुमचा वाटा (१) आणि (१बी) मिळून प्रत्यक्ष कपातीपेक्षा जास्त भरत असेल, तर एकच रुपया दोनदा मोजला गेला आहे.

चालू वर्षासाठी तिच्यापुरता हा सगळा खटाटोपच संपला आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पगारदाराला कर लागत नाही. तिच्या पगारावर कप्पे मोजण्याची गरजच उरत नाही. शाळेत तसे लेखी कळवून टाक, म्हणजे दरमहा कर कापला जाणार नाही, असे मी तिला सांगितले, आणि तिने ते केले.

आठ शिक्षकांपैकी पाच जणांनी आतापर्यंत रिटर्न सुधारले आहे. भाचीने प्रत्येकाला घरी जाऊन स्टेटमेंट कसे वाचायचे ते दाखवले. ते ज्येष्ठ सर अजून तयार नाहीत, पण परवा त्यांनी तिला हळूच विचारले, की ईमेल कुणाचा आहे ते पोर्टलवर नेमके कुठे दिसते.